दहावा घोट

चहाचा कप तोंडाशी नेला, धाकटा समोरच्या खुर्चीत टेकला आणि त्याच क्षणी मला वास आला. नुसता दारूचा वास नव्हे. तो काय, कुणालाही येतो. मला आधी आली ती जळकी साखर, तिच्यामागून ओलं लाकूड, आणि अगदी शेवटी, सगळं ओसरल्यावर, पुसटशी लवंग. मी कप खाली ठेवला. समोर माझा सख्खा भाऊ बसला होता. व्यसनमुक्ती केंद्रात नव्वद दिवस काढलेला, गुळगुळीत दाढी केलेला, कुणाचा तरी ढगळ स्वेटर घातलेला, आणि माझ्याकडे बघून हसत होता. हसतोस काय बेशरमा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मला त्याची अशी शिसारी आली की सही करायला म्हणून काढलेला फॉर्म मी घडी घालून परत खिशात टाकला.

माझं नाक चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, त्याचाच पगार मिळतो मला. मी दारूच्या कारखान्यात चव घेणारा आहे, बावीस वर्षं झाली. कारखान्यात मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे नाक. सकाळी नऊला पांढऱ्या टेबलावर चाळीस पेले मांडलेले असतात, प्रत्येकाच्या बुडाला नंबराची चिठ्ठी. हुंगायचं, घोट घ्यायचा, जिभेवरून गालात, गालातून टाळूला फिरवायचा, आणि उजव्या गुडघ्याशी ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकायचा. लोकांना वाटतं मजा आहे. दुपारपर्यंत ते भांडं अर्धं भरतं, वर फेस असतो, तो फेस माझा असतो, आणि ते रिकामं करणारी बाई तोंड फिरवून ते उचलते. पण त्या भांड्याचा मला अभिमान आहे. कुणी धाकट्याचा विषय काढला की मी सांगायचो, एका आईच्या पोटची दोन पोरं, फरक एवढाच, मी थुंकतो, तो गिळतो. लोक हसायचे. मला ते वाक्य आवडायचं, म्हणून मी ते बरेचदा वापरलं. आज सकाळीही शनिवार म्हणून अर्धा दिवस काम झालं, त्यातला बराचसा वेळ सतरा नंबरने खाल्ला. माझं स्वतःचं मिश्रण आहे ते, तीन महिने मी त्याच्या मागे हात धुऊन लागलोय. खोलीत गारठा होता, पेला हातात जरा हलला, थोडं बाहीवर सांडलं. हल्ली गारठा फार असतो त्या खोलीत.

आणि तिथून मी थेट इथे आलो होतो, या पिवळ्या भिंतींच्या भेटीच्या खोलीत, जिथे हीटर इतका लावतात की माणूस उकडून निघावा. कोबी शिजवल्याचा वास, फिनेल, ओले मोजे, आणि या सगळ्याच्या वर पुरुषांच्या घामाचा तो आंबूस थर, जो औषधं सुरू झाली की अंगातून निघतो. दर शनिवारी मी इथे श्वास अर्धाच घेऊन बसतो. धाकटा चहात साखर घालत होता. पाच चमचे, सहा चमचे. दारू सुटली की यांना साखर लागते म्हणे. मग तो बिस्किट बुडवायचा, ते अर्धं विरघळून कपात पडायचं आणि तो ते बोटाने काढून खायचा. बोटांना जुन्या कापल्याच्या खुणा. काचा बसवणारा माणूस. खिडक्यांना काच कापून देण्यात त्याच्यासारखा हात नव्हता, एका ओढीत हिरा फिरवायचा आणि काच पाण्यासारखी दुभंगायची. मग हात थरथरायला लागले. मागच्या खेपेला केंद्रातून पळाला तेव्हा एका अर्धवट इमारतीत सापडला, फुटलेल्या तावदानांवर झोपलेला, आणि त्याची पाठ डॉक्टरने चिमट्याने दोन तास निवडली. ओकारीत माखलेला तो स्वेटर मी माझ्या हाताने कात्रीने कापून काढला होता. त्या दिवसापासून मला जेवताना मधेच तो स्वेटर आठवतो आणि घास फिरतो. त्याची बायको तेव्हाच निघून गेली; जाताना मला म्हणाली, भाऊजी, आता तुमचं तुम्ही बघा. बघतोय.

तर खिशातला फॉर्म. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च धाकट्याची हत्यारं, त्याचा टेम्पो आणि माझी शिल्लक मिळून निघाला होता. पुढच्या तीन महिन्यांसाठी आमच्या कारखान्याचा कल्याण फंड होता. गंमतच आहे, दारू विकून दारू सोडवायची, पण फंड खरा होता आणि मंजूरही झाला होता. फक्त माझी सही हवी होती, या ओळीखाली : रुग्ण उपचाराला प्रामाणिकपणे साथ देत आहे, हे मी स्वतः पाहून लिहून देतो. सही आज झाली नाही तर सोमवारी त्याची खाट दुसऱ्याला जाणार होती. बाहेर बारा जण थांबलेत, असं केंद्राच्या बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. आणि बाहेर गेला की हा कुठे जाणार हे मला ठाऊक होतं, त्यालाही होतं. त्या तावदानांवर दुसऱ्यांदा झोपलेला माणूस उठत नाही.

मी म्हटलं, "कुणी आणून दिली?"

त्याला कळेना. काय, म्हणाला. मी म्हटलं, साळसूदपणा पुरे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. त्याने बिस्किट बशीत ठेवलं आणि बोट स्वेटरला पुसलं. चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दारुड्याचं चिडणं मला पाठ आहे, आधी शपथ, मग रडणं, मग आईचं नाव. हा नुसता माझ्याकडे बघत राहिला. एखादं लहान मूल खोटं बोलतंय हे कळूनही मोठ्या माणसाने गप्प बसावं, तसा. माझा धाकटा, आणि माझ्याकडे असा बघतो. मी खुर्ची मागे सारली आणि बाईंना हाक मारली.

केंद्राच्या बाई म्हणजे पूर्वीच्या नर्स, जाड मनगटात पुरुषी घड्याळ, बोलणं कमी. मी त्यांना सांगितलं की तुमच्या नव्वद दिवसांचा बोऱ्या वाजलाय, हा पिऊन बसलाय. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, खिशातून मोबाइलएवढं यंत्र काढलं, त्याला नवी नळी लावली. त्याने फुंकलं, लांब, सवयीने. यंत्राने टिकटिक केलं आणि तीन शून्यं दाखवली. बाईंनी ती मला दाखवली. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. बाई म्हणाल्या, कालच तपासून आणलंय. मी म्हटलं, बाई, यंत्रं काल-परवाची, माझं नाक बावीस वर्षांचं आहे. मला नुसता वास येत नाही, कुठली आहे तेसुद्धा सांगतो. जळकी साखर, ओलं लाकूड, शेवटी लवंग. आमच्याच कारखान्याची आहे. सतरा नंबर. हे मी अगदी पेल्याची चिठ्ठी वाचावी तसं म्हणालो, आणि खरं सांगतो, म्हणताना मला बरं वाटत होतं. भावाला आयुष्यातून उठवताना माणसाला आपल्या कसबाचं बरं वाटावं, हे नंतर आठवलं तेव्हा मी रस्त्यातच उभा राहिलो. पण ते नंतर.

बाई म्हणाल्या, "कुठल्या दुकानात मिळते ही?"

साधा प्रश्न. त्यांना खरोखरच हवं होतं ते, कोण आणून देतं हे शोधायला. मी तोंड उघडलं. सतरा नंबर कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्याला अजून नाव नाही, बाटली नाही, ते पिंपातसुद्धा गेलेलं नाही. सगळ्या जगात सतरा नंबर एकाच ठिकाणी आहे, माझ्या टेबलावर, सतराव्या चिठ्ठीच्या पेल्यात. आणि बाहीवर. हीटर समोरच होता. चहाची वाफ वर येत होती, मिशीवर, बाहीवर. मी हात हळूच टेबलाखाली नेला.

बाई मूर्ख नव्हत्या. त्यांनी नळी बदलली आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. मी सांगायला लागलो की माझं कामच ते आहे, तोंडात राहणारच, मी थुंकतो, बावीस वर्षांत कधी... वाक्य पुरं करण्याऐवजी मी फुंकलं, कारण न फुंकणं जास्त वाईट दिसलं असतं. शून्यांनंतर आठ आला. बाई म्हणाल्या, किती वाजता सुटलात कामावरून? एक वाजता. आता साडेतीन. त्या म्हणाल्या, तोंडातलं पंधरा मिनिटांत जातं, चूळ भरा, बसा, पुन्हा घेऊ. मला पाण्याचा ग्लास दिला आणि चूळ टाकायला एक प्लास्टिकचं टमरेल. त्याच्या कडेला दुसऱ्या कुणाचातरी सुकलेला थर होता. मी त्यात थुंकलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा थुंकताना मला लाज वाटली. बाई बाहेर गेल्या. मी आणि धाकटा बसून राहिलो.

पंधरा मिनिटं. मी हिशेब मांडला, म्हणजे मांडायचा प्रयत्न केला. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी शिकलो तो सांगायचा, नऊ थुंक, दहावा गिळ. सुरुवात जिभेला कळते, शेवट घशाला कळतो. न गिळता पास केलेलं मिश्रण म्हणजे न बघता केलेलं लग्न. म्हणजे चाळीसात चार घोट. हे काही पिणं नव्हे, हे कामाचं आहे, जसं शिंप्याला सुई बोटात जातेच. म्हातारा कसा गेला हे कारखान्यात कुणी बोलत नाही. पोटात पाणी झालं होतं एवढं मला माहीत आहे. चार घोट. मग सतरा नंबरसारखं काही अवघड असलं की त्याचा शेवट दोनदा बघावा लागतो, तीनदाही. आज किती झाले? मला आठवेना. ज्याला चाळीस चवी एका दमात पाठ म्हणता येतात त्याला घोट आठवेनात. घरी नमुन्यांच्या लहान बाटल्या असतात, चपलांच्या कपाटात मागच्या बाजूला, संध्याकाळी ताज्या तोंडाने ताडून बघायला. ताज्या तोंडाने. चपलांच्या कपाटात का, असं बायकोने एकदा विचारलं होतं. तिथे अंधार असतो, उजेडाने रंग बदलतो, असं मी तिला समजावून सांगितलं. ती आता दुसऱ्या खोलीत झोपते. मी घोरतो म्हणून. रविवारी यांच्या वाटेला जाऊ नये, असं ती तिच्या बहिणीला हसत सांगते, आणि मीही हसतो, कारण रविवारी मला खरोखरच काही सहन होत नाही. भांड्यांचा आवाज, उजेड, तिचं चालणं. मानेला घाम येतो. सुट्टीचा कंटाळा, दुसरं काय. कामाच्या माणसाला सुट्टी मानवत नाही.

धाकटा म्हणाला, "दादा, एक सांगू? चिडू नकोस."

त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. मला वाटलं, आरामात बसायला घेतली असेल.

"शनिवारी तू येऊन गेलास ना, की दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागत नाही. या खुर्चीलासुद्धा येतो वास. मी बाईंना म्हटलं होतं, दादाला नका येऊ देऊ. का ते नाही सांगितलं."

का नाही सांगितलंस, मी विचारलं. तर म्हणाला, तुझी सही लागते ना.

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला, टोमणा नव्हता त्यात. टोमणा मारायला माणसाला पाठीला कणा लागतो, याची पाठ तर डॉक्टरने निवडून ठेवलेली. तेरा शनिवार मी इथे आलो होतो. तेरा वेळा या खोलीत नाक मुरडून बसलो होतो, घरी जाऊन अंघोळ करत होतो, बायकोला सांगत होतो की त्या लोकांचा वास कपड्यांना चिकटतो. आणि हा माणूस तेरा वेळा समोर बसला, सहा चमचे साखर घालून, मी वाकून पाठीवर हात ठेवला की श्वास धरून. मी पोराला विष नेऊन पाजत होतो आणि वर त्याला उपदेश. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही, हे मी त्यालाच कितीदा सुनावलं असेल.

कधीपासून कळतंय तुला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. तो कपाळ चोळत म्हणाला, कारखान्यात तुझ्या खोलीत काचा बसवायला आलो होतो ना, तेव्हापासून.

ते मला लख्ख आठवत होतं. उत्तरेची ती मोठी खिडकी त्यानेच बसवली, सोळा वर्षं झाली. काचेचा अख्खा ताव एकट्याने उचलून चौकटीत ठेवला होता, काच चिकटवायच्या पोटीनचा वास खोलीभर, आणि मी आरडाओरडा करत होतो की आता दोन दिवस मला काही हुंगता येणार नाही. काम संपलं. तो घामाने निथळत होता, चोवीस वर्षांचा, दांडगा, त्याने तोवर थेंब घेतलेला नव्हता. मीच म्हटलं, ये, बघ तुझा दादा काय करतो ते. त्याला पेला दिला, माझा घेतला. फिरव तोंडात, आता थुंक, म्हटलं. तो गिळून बसला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी, आणि खोलीतले सगळे हसले, मी सर्वांत जास्त. ही गोष्ट मी लग्नाकार्यात सांगत आलोय. माझ्या भावाला थुंकता आलं नाही हो.

"तू मला थुंक म्हणालास," धाकटा म्हणाला, "आणि स्वतः गिळलंस. मी तुझ्या गळ्याकडे बघत होतो. मला वाटलं, दादा गिळतोय, म्हणजे गिळायचं असतं."

तो दहावा असेल, मी म्हणणार होतो. दहावा गिळायचा असतो. पण चोवीस वर्षांच्या पोराला समोर उभं करून पहिलाच घोट घेतला होता मी, दहावा कुठला. मला माझी जीभ तोंडात पडलेली एक जाड, ओली, परकी वस्तू वाटायला लागली. हीच घेऊन मी बावीस वर्षं हिंडतोय, हिच्यावर लोक पैसे लावतात, हिने मी आईच्या शेवटच्या दिवशी तिला धीर दिला, धाकट्याकडे मी बघेन म्हणून.

बाई आल्या. पुन्हा नळी, पुन्हा फुंकर. शून्यांनंतर सात. त्यांनी यंत्र बंद केलं आणि शांतपणे म्हणाल्या, तोंडातलं गेलं, हे रक्तातलं आहे. गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे द्या, सोमवारी कुणाला तरी पाठवा. मग टेबलावर हात पसरला. फॉर्म, म्हणाल्या. मी घडी उघडून दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, सगळा, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत, जी मी कधी वाचली नव्हती. मग फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. लाभ कर्मचाऱ्यास स्वतःसाठी अथवा कुटुंबातील एका व्यक्तीसाठी, संपूर्ण नोकरीत एकदाच. ऑफिसातल्या माणसाने देताना डोळा मारला होता, तुम्हाला स्वतःला तर काय लागणार साहेब, असं म्हणून. बाई म्हणाल्या, "वाचा आणि मग सही करा. घाई नाही." धाकट्यानेही ती ओळ उलटीकडून वाचली. मग त्याने मान खाली घातली आणि बशीतलं ते भिजलेलं बिस्किट बोटाने गोल गोल फिरवत बसला.

मी सही केली, त्याच्या नावावर. ही गोष्ट कुणाला सांगितलीच तर मोठ्या भावाने त्याग केला असं वाटेल, म्हणून इथेच सांगून टाकतो. त्याग वगैरे काही नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते कोबीच्या वासाचे कॉरिडॉर आले, कुणाचा तरी ढगळ स्वेटर, सहा चमचे साखर, आणि सकाळी उठून जवळ पेला नसणं. मी घाबरलो. सही चटकन केली, बाईंनी फॉर्म परत ओढू नये म्हणून. पेन हलत होतं आणि त्या खोलीत गारठा अजिबात नव्हता. धाकटा वर बघत होता. त्याला कळलं. चोराची पावलं चोरालाच ठाऊक. तो उठून दाराशी आला, हातभर लांबच थांबला, आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी येऊ नकोस दादा. मग जरा थांबून म्हणाला, किंवा ये, पण रविवारी ये. सकाळी लवकर. घरून तसाच.

रविवार सकाळ. म्हणजे कालचं उतरलेलं आणि आजचं अजून नाही. त्याने मला बरोबर माझी घामाची वेळ दिली होती.

दाराजवळच्या बेसिनवर मी मिशी धुतली. केंद्राचा लाल साबण, कुणाचातरी केस चिकटलेला. तो केस नखाने काढला आणि बाही कोपरापर्यंत चोळली, हात लाल होईस्तोवर. मग बस स्टॉपवर जाऊन बसलो, गाडी नाही म्हणून. बारा वर्षांनी बसच्या रांगेत. शेजारी एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी टेकलो तशी तिने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि थोडी सरकली. धाकट्यापासून लोक असे सरकतात ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटायचं, बरोबर आहे, सरकू नये तर काय करावं.

ऊन होतं. ओली बाही वाळत होती, आणि तिच्यातून हळूहळू ते वर यायला लागलं. आधी साबण. मग साबणाच्या खालून जळकी साखर. मी तोंड फिरवलं, पण नाक कुठे फिरवणार. ओलं लाकूड आलं. मी धाकट्याचा तो खाली गेलेला माथा आठवायचा प्रयत्न केला, त्याची कापलेली बोटं, आई. सगळं ओसरेपर्यंत मी थांबलो, नकळत, डोळे मिटून, कामावर थांबतो तसा, आणि अगदी शेवटी ती आली, स्वच्छ, लांब, साबणानेही न हटलेली लवंग. जमलंय, असं माझ्या मनात आलं. तीन महिन्यांनी जमलंय.

तोंडाला पाणी सुटलं. भसकन, तोंड भरून. मी इकडे तिकडे पाहिलं. म्हातारी बघत होती, रस्त्याने माणसं जात होती, आणि उजव्या गुडघ्याशी भांडं नव्हतं. गिळलं.